मुक्या तारेचा शोध

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व अंगास कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्या जवळ येत येत नृसिंहवाडीस एकमेकींना मिळतात. त्या संगमापासून थोड्या अंतरावर, लोहमार्गाच्या कडेस जयसिंगपूर हे शहर वसले आहे. या मुलखातील बहुतेक गावे नदीने वसविली. हे गाव मात्र आगगाडीने वसविले. कोल्हापूर संस्थानचा मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा येथे शहर नव्हते; होते ते ‘शिरोळ रोड’ नावाचे स्टेशन. पुढे १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी या स्टेशनालगत बाजारपेठ वसविली आणि आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांचे नाव तिला दिले. म्हणजे येथे आधी रूळ आले, रुळांच्या सोबतीने तारेचे खांब आले, आणि माणसांची वस्ती मागाहून आली.

त्या तारेवरून शब्द जात. आज त्याच शिरोळ तालुक्यातील नद्यांच्या पाण्याची उंची यंत्रे मोजतात आणि तो आकडा दूरच्या कचेरीस धाडतात. साखर कारखान्यातील उष्णतामापक, गिरणीतील वजनकाटा, प्रयोगशाळेतील पृथक्करण-यंत्र, दवाखान्यातील हृदयाचे ठोके मोजणारे उपकरण, ही सारी आता संगणकाशी बोलतात. परंतु शब्द असो की आकडा, एक अडचण दीडशे वर्षांत बदललेली नाही. पलीकडून काहीच येईनासे झाले, म्हणजे पाणी कोठे मुरते आहे ते कसे ओळखावे? बोलणारे यंत्र बिघडले, मधली तार तुटली, की ऐकणाराच बहिरा झाला? आणि याहूनही नाजूक प्रश्न असा, की पलीकडची शांतता ‘सांगण्यासारखे काही नाही’ अशी समजावी, की ‘सांगता येत नाही’ अशी? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जी विद्या तयार झाली, तिचा इतिहास तारायंत्रापासून सुरू होतो आणि कृष्णाकाठच्या महापुरापर्यंत येऊन पोहोचतो.

हिंदुस्थानात तारायंत्राचा पाया घातला तो एका डॉक्टराने. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवर तार ताणून पहिले प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. २४ मार्च १८५४ रोजी कलकत्ता आणि सुमारे ८०० मैलांवरील आग्रा यांच्या दरम्यान पहिला संदेश गेला. आणि १८५५ साली तारेची सोय सामान्य जनतेस उपलब्ध झाली. युरोपात बारीक तार वापरीत, तर ओशॉनेसीने जाड लोखंडी सळया पसंत केल्या. वादळवारा, पक्षी आणि माकडे यांचा भार येथील तारेस सोसावा लागणार, हे त्याने ओळखले होते. खांबाला वाळवी लागे, पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर येऊन पडे, आणि नदी ओलांडताना तर हजार विघ्ने येत. तार बांधणे जितके कठीण, त्याहून ती बोलती ठेवणे कठीण, ही गोष्ट पहिल्या काही वर्षांतच सर्वांच्या ध्यानी आली.

तारखात्यातील मंडळींनी अनुभवावरून बिघाडाचे तीन प्रकार पाडले. पहिला प्रकार खंडाचा. तार कोठेतरी तुटली, म्हणजे प्रवाह मुळीच वाहत नाही आणि धाडणाऱ्याची सुई जागची हालत नाही. दुसरा भूस्पर्शाचा. तार एखाद्या ओल्या फांदीला किंवा जमिनीला टेकली, म्हणजे धाडणाऱ्याची सुई नेहमीपेक्षा अधिक हालते. परंतु प्रवाह वाटेतच जमिनीत शिरल्यामुळे पलीकडे काही पोहोचत नाही. तिसरा परस्परस्पर्शाचा. शेजारच्या दोन तारा एकमेकींस चिकटल्या, म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याच्या घरी ऐकू येतो. वैद्य जसा नाडी पाहून वात, पित्त, कफ ठरवितो, तसा कुशल तारमास्तर सुईच्या चालीवरून या तिहींपैकी कोणता दोष आहे हे जागच्या जागी सांगे.

दोष कोणता हे कळले. आता तो कोठे आहे हे कळावयाचे. शंभर मैलांच्या वाटेवर माणूस पायी धाडून प्रत्येक खांब तपासावयाचा म्हटले तर आठवडा जाई. म्हणून तारेचे मधल्या स्टेशनांवर भाग पाडून ठेवलेले असत. बिघाड झाला, की मधल्या स्टेशनाने तार आपल्याकडे जमिनीस जोडावयाची आणि मूळ ठिकाणाहून प्रवाह सोडून पाहावयाचा. प्रवाह नीट वाहिला तर मधल्या स्टेशनापर्यंतची तार निर्दोष, आणि दोष त्याच्या पलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर तोच प्रयोग. वाटेचे १६ भाग असले तरी अवघ्या चार परीक्षांत दोष कोणत्या भागात आहे हे निश्चित होते. कारण १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १. शाळेतील मुलालाही उमगेल असे हे गणित आहे. तथापि बिघाडाच्या घाईगर्दीत ते विसरून जो तो आपल्या संशयाच्या जागी धाव घेतो, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते.

याहून सूक्ष्म युक्ती पुढे निघाली. विद्युत्-रोध मोजण्याची चौकट क्रिस्टी या इंग्रज गणितज्ञाने १८३३ साली मांडली आणि व्हीट्स्टन याने १८४३ साली ती प्रसिद्धीस आणली. तिच्याच आधाराने मरे आणि व्हार्ले यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वळशाच्या परीक्षा निघाल्या. मिरज-कोल्हापूर अंतराएवढी, म्हणजे सुमारे ३० मैलांची, एक काल्पनिक वाट घेऊ. तिच्यावर सारख्याच दोन तारा आहेत. एक धड आणि एक कोठेतरी जमिनीस टेकलेली. दूरच्या टोकास दोन्ही तारा एकमेकींस जोडल्या, की ६० मैलांचा एक वळसा तयार होतो. आता जवळच्या टोकास चौकट लावून तिच्या दोन भुजा अशा जुळवावयाच्या, की सुई शून्यावर स्थिर राहील. त्या भुजांचे प्रमाण १ : ४ आले, तर वळशाचेही १ : ४ या प्रमाणात भाग पडले असले पाहिजेत. ६० चा पाचवा हिस्सा १२. म्हणजे सदोष तारेवर १२ मैलांवर जमीन लागली आहे. टेबलाशी बसलेल्या माणसाने बाराव्या मैलावरची फांदी दाखवावी, हा चमत्कार त्रैराशिकाचा होता. समुद्राच्या तळाशी तार टाकली जाऊ लागली, तेव्हा तर या गणितावाचून गतीच उरली नाही. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रतार टाकली. अथांग पाण्याखालील तार कोणी पायी चालत तपासणार नव्हते. किनाऱ्यावर बसून रोध मोजावयाचा आणि मैलांचा आकडा घेऊन जहाज धाडावयाचे, एवढाच मार्ग होता.

परंतु सर्वच दोष तारेत किंवा यंत्रात असतात असे नाही. काही दोष परिसरात असतात, आणि ते शोधणे सर्वांत अवघड. याची साक्ष महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा क्षोभ झाला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात प्रचंड खळबळ उडाली. त्या खळबळीची जी नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, ती जगभरच्या शास्त्रज्ञांनी आजवर पुन्हापुन्हा अभ्यासली आहे. त्या दिवसांत युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे आपोआप बडबडू लागली. एकच तार टाकावयाची आणि परतीची वाट जमिनीतून घ्यावयाची, अशी त्या काळची रीत होती. जमिनीतच परके प्रवाह वाहू लागल्यावर यंत्राला आपला निरोप आणि परका गोंगाट यांतील भेद कसा कळावा?

कुलाब्याच्या वेधशाळेवर पुढे माणसाने निर्माण केलेले संकट आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम सुरू करण्याचे घाटत होते. ट्रामचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून परत जाणार आणि चुंबकसुईच्या नाजूक नोंदी त्याने बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी वेळीच ओळखले. मुंबईच्या दक्षिणेस समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, आणि १९०७ साली मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली तेव्हा वेधशाळेची नोंद अलिबागेस सुरक्षित पोहोचली होती. जुने यंत्र बंद करण्यापूर्वी नवे त्याच्या शेजारी चालवून दोघांची तुलना करावी, हा धडा मूस यांच्या कामात आहे; यंत्रे बदलणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तिसरा धडा रक्ताने लिहिला गेला. तार धड, यंत्र धड, परिसर शांत, आणि तरीही संदेशाने घात करावा, असेही घडते. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडात नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे प्राणास मुकली. एका स्टेशनावरील अधिकाऱ्याने टपालगाडी सोडण्याविषयीचा मजकूर सांगितला, त्यावर सही झालेली नव्हती, तरी तो तारेने पुढे गेला. चूक उमगताच ‘गाडी रोखा’ अशी तार धावली. उत्तर आले, गाडी सुटली. तारेने आपले काम चोख केले होते. उणीव होती ती परस्परांतील कराराची. कोणत्या संदेशाला आज्ञा मानावयाचे, तो पोहोचल्याची पोच केव्हा द्यावयाची, आणि एकाने ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्याचे हात कसे बांधले जावेत, हे यंत्रानेच ठरवून द्यावयास पाहिजे होते.

त्या अपघातानंतर एडवर्ड टायर याने १८७८ साली चकतीचे यंत्र काढले. दोन स्टेशनांवरील यंत्रे विजेने एकमेकांस बांधलेली. एका वेळी दोहोंतून मिळून एकच चकती बाहेर पडावयाची. आणि ती ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी त्या मार्गावर जावयाची. हिंदुस्थानातील एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे नील यांचे गोळ्याचे यंत्र फार प्रचारात होते. स्टेशनमास्तर वेताच्या कडीत अडकविलेला गोळा धावत्या गाडीच्या चालकाच्या हाती देई, आणि चालक मागचा गोळा फलाटावर टाकी, हे दृश्य जुन्या प्रवाशांच्या स्मरणात अजून आहे. पुढे संगणकांची जाळी निघाली, तेव्हा ‘ज्याच्या हाती टोकन, त्यानेच बोलावे’ अशी जी एक पद्धत त्यांत आली, तिचे नाव आणि तत्त्व या गोळ्याहून वेगळे नाही.

तारेवरील कट्ट-कडकट्ट कानाने ऐकणारा माणूस हळूहळू मागे पडला आणि त्याच्या जागी छापणारे यंत्र आले. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ साली प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणांची लिपी बसविली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत दूरमुद्रकासाठी आणखी एक युक्ती निघाली: प्रत्येक अक्षराच्या आधी ‘सुरू’ आणि शेवटी ‘थांब’ अशी खूण धाडावयाची, म्हणजे ऐकणारे यंत्र प्रत्येक अक्षरागणिक आपली चाल नव्याने जुळवून घेते. एकामागून एक खुणा एकाच तारेवरून धाडण्याच्या या रीतीस आज सीरियल दळणवळण म्हणतात; आणि खुणांच्या वेगाचे माप ‘बॉड’ हे बोदोच्या नावावरूनच पडले आहे. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे प्रमाण ठरले आणि १९६९ साली त्याची प्रसिद्ध ‘सी’ आवृत्ती निघाली. तेव्हापासून अगणित वजनकाटे, मापकयंत्रे आणि प्रयोगशाळेतील उपकरणे या बोलीत बोलत आली आहेत.

या बोलीचे दोष जुन्या तारेच्या दोषांची भावंडेच होत. दोन्ही बाजूंनी वेग सारखा धरला नाही, तर संदेश पोहोचतो. पण त्याची निरर्थक अक्षरे उमटतात. ९६०० च्या वेगाने एक खूण सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकते. ऐकणाऱ्याने ४८०० चा वेग धरला, तर तो दुप्पट वेळाने कान लावतो आणि एक खूण ऐकून दुसरी गाळतो. म्हणून पडद्यावर कचरा उमटला तर तार तोडून पाहण्याची घाई करू नये. कचरा येतो आहे याचाच अर्थ तार धड आहे. आधी वेग, मग अक्षरातील खुणांची संख्या, मग समविषमतेची खूण जुळवावी. याउलट काहीच येत नसेल, तर पहिला संशय उलटसुलट जोडणीचा. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानास जोडावयास हवे. तोंडास तोंड जोडले, तर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही.

येथेही अर्ध्यावर तोडून पाहण्याचा जुना उपाय चालतो. संगणकाच्या नऊ पिनांच्या जोडाची दुसरी व तिसरी पिन एका लहानशा तारेने एकत्र जोडावी आणि काही अक्षरे टंकावी. ती जशीच्या तशी परत आली, तर संगणक निर्दोष. हीच जोडणी केबलाच्या दूरच्या टोकास करावी आणि अक्षरे परत आली, तर केबलही निर्दोष. मग उरले ते यंत्र. दूरच्या टोकास तारांची गाठ मारून परत आलेला प्रवाह पाहावयाचा, ही वळशाची कल्पना तारखात्याचीच. शिवाय या बोलीची आणखी एक सोय अशी, की मुकी असतानाही तिच्या बोलत्या तारेवर ऋण दाब असतो. साध्या मापकाने तिसऱ्या व पाचव्या पिनेमधील दाब पाहावा. संगणक चालू असताना तेथे काही व्होल्ट ऋण दाब दिसला, तर तोंड जिवंत आहे. शून्य दिसले, तर ती शांतता नसून मृत्यू आहे.

कारखान्यात मात्र यंत्रे अनेक आणि अंतरे लांब. तेथे १९८३ साली ठरलेले आरएस-४८५ हे प्रमाण उपयोगी पडते. यात एकच निरोप पिळलेल्या दोन तारांवरून उलटसुलट धाडतात आणि ऐकणारा त्या दोहोंतील फरक तेवढा पाहतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, म्हणून वजाबाकीत तो बराच उडून जातो. कुलाब्याच्या ट्रामसारख्या शेजाऱ्यावर काढलेला हा तोडगाच म्हणावयाचा. सुमारे १२०० मीटरपर्यंत ही तार नेता येते. तिच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोध लावावा लागतो; नाहीतर विहिरीच्या कठड्यावर आदळून प्रतिध्वनी यावा, तसा संदेश टोकावरून उलटून येतो. वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजला आणि तो ६० च्या आसपास आला, तर दोन्ही टोके जागेवर आहेत. १२० आला, तर एक टोक राहिले. ४० आला, तर कोणी उत्साहाने तिसरे टोक लावून ठेवले आहे.

या तारेवर बहुधा जी बोली चालते तिचे नाव मॉडबस. ती १९७९ साली निघाली. तिची रीत हुबेहूब वर्गातील हजेरीची आहे. मास्तराने क्रमांक पुकारावयाचा आणि त्याच क्रमांकाच्या मुलाने ‘हजर’ म्हणावयाचे. न पुकारता कोणी बोलावयाचे नाही. १ पासून २४७ पर्यंत क्रमांक देता येतात. पण दोघा मुलांस एकच क्रमांक दिला, तर दोघे एकदम ओरडतात आणि मास्तराला काहीच कळत नाही. अशा वेळी दोन्ही यंत्रे एकटी असताना उत्तम बोलतात आणि एकत्र येताच बिघडतात. म्हणून प्रत्येक यंत्र सुटे करून, एकेक वाढवीत पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

सीरियल तारेनंतर जाळ्याचे युग आले. इथरनेटची कल्पना १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली गेली. प्रारंभी सर्व संगणक एकाच जाड केबलावर लटकत, आणि एक जोड सैल झाला की सारे गाव मुके होई. पुढे प्रत्येकास वेगळी केबल मिळाली, तेव्हा दोषही ज्याचा त्याच्यापाशी राहू लागला. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस याने ‘पिंग’ नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठी ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, तशी ही दूरच्या संगणकास हाक घालते आणि ओ येते का पाहते. आधी आपल्याच यंत्रास हाक, मग शेजारच्या फाट्यास, मग दूरच्यास, या क्रमाने हाका घातल्या म्हणजे वाट कोठे खुंटली ते कळते. परंतु ‘ओ’ कोणी दिली हे पाहिले पाहिजे. जुन्या सीरियल यंत्रास जाळ्याशी जोडण्याकरिता मध्ये एक दुभाषी पेटी बसवितात. पिंगच्या हाकेला उत्तर देते ती ही पेटी. तिच्या मागे मूळ यंत्र मरून पडले असले तरी ती खुशाल ‘आहे’ म्हणून सांगते. दरवाजावरील रखवालदार भेटला म्हणजे घरधनी घरी आहे असे सिद्ध होत नाही.

येथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे दोष कोठे आहे याचे, उत्तर झाले. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: शांततेचा अर्थ कोणता? व्यवहारात मौन ही संमती मानतात. तारेच्या व्यवहारात हा न्याय प्राणघातक ठरतो. १८७२ साली अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने आगगाडीच्या रुळांतून अखंड मंद प्रवाह खेळता ठेवण्याची योजना काढली. मार्ग मोकळा असेल, तरच प्रवाह पलीकडे पोहोचतो आणि सिग्नल मोकळा होतो. गाडी आली, रूळ मोडला, विद्युद्घट संपला, तार तुटली, यांपैकी काहीही झाले तरी प्रवाह थांबतो आणि तांबडा दिवा लागतो. बिघाडाचा कौल नेहमी सावधगिरीच्या बाजूने पडावा, ही त्यातील थोर कल्पना.

मापकयंत्रांनी तीच कल्पना वेगळ्या रूपाने घेतली. यंत्राचे माप ० ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने न दाखविता ते ४ पासून २० पर्यंत दाखवावयाचे, असा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. समजा, नदीच्या पातळीचे एक यंत्र ० फुटांस ४ आणि ८० फुटांस २० मिलिअँपिअर धाडते. पंचगंगेवर कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. असे यंत्र तेथे असते, तर ३९ फुटांस ११.८ आणि ४३ फुटांस १२.६ मिलिअँपिअर प्रवाह आला असता. पात्र कोरडे पडले, तरी ४ आला असता. आणि शून्य आले असते, तर पाणी ओसरले असे कोणी समजले नसते. तार तुटली हेच समजले असते. शून्य आणि मौन यांच्यामध्ये चार मिलिअँपिअरची ही जी भिंत घातली आहे, तिच्याइतका स्वस्त आणि मोलाचा बांध दुसरा नसेल.

त्या बांधाचे मोल शिरोळ तालुक्याइतके कोणास कळावे? २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने तालुक्यातील गावेच्या गावे वेढली. नृसिंहवाडी, कुरुंदवाड या बाजूच्या लोकांना जनावरांसह घरे सोडावी लागली. पुराचे पाणी येथे एका रात्रीत वर चढते, आणि गोठ्यातील दावी केव्हा सोडावयाची हे वरच्या बंधाऱ्याच्या आकड्यावरून ठरते. बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगविलेली फुटपट्टी आणि ती वाचणारा माणूस ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. तिच्या जोडीला कृष्णा-भीमा खोऱ्यांत जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस व पातळी आपोआप कळविणारी केंद्रे उभारली गेली. माणूस जाऊ शकत नाही त्या घटकेसही आकडा येतो, हा त्यांचा उपकार मोठा आहे.

परंतु अशा यंत्राची कसोटी लागते ती नेमकी वाईट दिवशी. नदी शांत असताना तार, विद्युद्घट, मनोरा, सारे ठीक असते. पाणी चढू लागले, वारा सुटला, वीज गेली, की मौनाची शक्यता वाढते. त्यातही पूर्ण मौन पत्करले. त्याहून भयंकर दोष म्हणजे शिळा आकडा. यंत्राशी संबंध तुटला तरी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. पाहणाऱ्यास वाटते पाणी स्थिरावले, आणि पाणी तर तासाला चढत असते. अशा आकड्याला जिवंतपणा नसतो, पण चेहरा जिवंताचा असतो. म्हणून जाणता कर्मचारी आधी आकडा पाहत नाही. आकड्याशेजारची वेळ पाहतो. वेळ पुढे सरकत नसेल, तर तो आकडा पुसून त्याच्या जागी ‘माहीत नाही’ असे लिहितो, आणि फुटपट्टी वाचणाऱ्या माणसास दूरध्वनी करतो. मग शांतपणे वाट अर्ध्यावर तोडतो: पेटी ओ देते का? पेटीमागचे यंत्र बोलते का? तारेवर दाब आहे का? चार मिलिअँपिअर तरी येतात का? चार प्रश्नांत उत्तर हाती येते, आणि दुरुस्तीची माणसे रात्रीच्या पावसात योग्य जागी जातात.

१५ जुलै २०१३ पासून हिंदुस्थानातील तारसेवा बंद झाली. ओशॉनेसीने पेरलेली ती वेल १५८ वर्षे जनतेच्या उपयोगी पडून वाळली. लोखंडी सळया गेल्या, कट्ट-कडकट्ट गेले, वेताच्या कडीतला गोळाही बहुतेक ठिकाणांहून गेला. पण सुईच्या चालीवरून दोष ओळखणाऱ्या, वाट अर्ध्यावर तोडून पाहणाऱ्या आणि मौनाला संमती न मानणाऱ्या त्या माणसांची विद्या वाळली नाही. ती केबलात, जाळ्यात आणि नदीकाठच्या पेटीत नांदते आहे. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी जयसिंगपुरापूर्वी कृष्णेचा पूल ओलांडते. त्या घटकेस खाली नदी किती चढली आहे हे प्रवाशास दिसते. दूरच्या कचेरीत बसलेल्यास ते दिसत नाही, त्याला केवळ आकड्यावर विसंबावे लागते. त्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी तो जिवंत आहे ना, एवढे विचारण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याने तारायंत्राच्या दीडशे वर्षांचे सार घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.